तळणाशेजारची वाइन

गेल्या दिवाळीनंतर कोथरूडला ओळखीच्यांकडे जेवायला बोलावणं होतं. इटलीतल्या मोदेनाहून आणलेली लांब्रुस्कोची, म्हणजे तिथल्या बुडबुड्यांच्या लाल वाइनची, बाटली मी बरोबर नेली. यजमानांचे एक स्नेही वाइनचा रीतसर कोर्स केलेले होते. त्यांनी बाटली हातात घेतली, लेबल लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "लांब्रुस्को? अहो, हा तर इटलीचा कोकाकोला!" सगळे हसले, मीही हसले. बाटली फ्रिजच्या दारात केचपशेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या रात्री तोस्कानाची नामांकित लाल वाइन ब्रुनेल्लो उघडली गेली. चांगली होती ब्रुनेल्लो, खोटं कशाला बोला. पण समोर काय होतं, तर कोथिंबीरवडी, तळलेले कबाब आणि चीजचे खारट तुकडे. त्या भारदस्त, तुरट वाइनचं यांच्यातल्या कुणाशीच जमेना. दोन घोटांनंतर लोक एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन बसले. कुणी काही बोललं नाही, कारण बाटली महागाची होती.

मला राग आला नव्हता. डाचत राहिलं ते हे, की त्यांचं बोलणं अर्धं खरं होतं.

बोलोन्या ते मोदेना हा पट्टा मशीनवाल्यांचा. औषधाच्या गोळ्या, चहाच्या पुड्या, चॉकलेटं, जे जे म्हणून कागदात आणि फॉइलमध्ये बांधलं जातं ते बांधणारी यंत्रं तिथे बनतात. मी गेले होते ती अशाच एका यंत्राचं ट्रेनिंग घ्यायला, ऐन नोव्हेंबरात. पो नदीच्या त्या सपाट खोऱ्यात नोव्हेंबरात धुकं पडतं म्हणजे समोरचा दिवा विरघळतो, कोट दमट होतो तो वाळत नाही, आणि संध्याकाळी पाचलाच जीव घरी पळू बघतो. मी राहायचे त्या घरात एका शनिवारी दुपारी जिना चढताना तळणाचा वास आला. तेलाचा नव्हता. त्याहून जड, गोडसर, जरा गोठ्याकडे झुकणारा. घरमालकीणबाई डुकराच्या चरबीत न्योक्को फ्रित्तो तळत होत्या. मैद्याच्या पातळ लाटीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे पण तळहाताएवढे तुकडे, कढईत पडले की टम्म फुगायचे आणि आतून पोकळ व्हायचे. गरम असतानाच तो फोडायचा, वर प्रोशुत्तोची, म्हणजे मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांडीची, पारदर्शक चकती टाकायची. चकतीची पांढरी कड उष्णतेने वितळून काचेसारखी होते, तेवढ्यात तोंडात घालायचा.

आमच्या निफाडच्या घरात मटण शिजायचं तेही मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. डुकराचं नाव काढायची सोय नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत परदेशी जाऊन मी बरंच काही खाल्लं होतं, पण हा वास थेट आजीच्या कपाळावरच्या आठीपर्यंत पोचला. पहिला घास मी शौर्यानेच खाल्ला म्हणायला हवं. मऊ, खारट, ओठांवर मेणासारखा थर. दुसरा खावा की नको या विचारात असताना बाईंनी फ्रिजमधून बाटली काढली. बुच दोऱ्याने करकचून बांधलेलं. सुटलं तसा फस्स आवाज झाला, आणि ग्लासात नव्हे, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात त्यांनी ती ओतली. गुलाबी फेस काठापर्यंत चढला आणि क्षणात बसला. खाली उरला तो डाळिंबाच्या रसाच्या रंगाचा, गार, किंचित गढूळ द्रव. वास कच्च्या स्ट्रॉबेरीचा, मागे जरा ओल्या मातीचा. गोडवा शून्य. आंबट मात्र अशी की कानशिलाखाली कळ यावी. घोट घेतला आणि ओठांवरचा तो मेणाचा थर गायब झाला, जीभ कोरी झाली. मग दुसरा न्योक्को खाल्ला. मग तिसरा.

त्या दुपारी मी डुकराचं मांस खायला शिकले, पण शिकवलं ते मांसाने नाही.

सोलकढीची चर्चा कुणी एकटी समोर ठेवून करत नाही. तिचा 'फिनिश', म्हणजे घोटानंतर रेंगाळणारी चव, किती सेकंद टिकतो असं विचारणारा माणूस मालवणात दिसला तर त्याला बांगड्याशेजारी बसवून गप्प जेवायला लावतील. लांब्रुस्कोचं नेमकं तसं आहे. चरबी आणि मीठ, या दोन गोष्टींवर एमिलियाचं, म्हणजे त्या प्रदेशाचं, सगळं स्वयंपाकघर उभं आहे: पार्मा आणि मोदेनाचा प्रोशुत्तो, बोलोन्याचं मोर्तादेल्ला नावाचं जाड सॉसेज, चरबी वितळवून उरलेल्या कुरकुरीत तुकड्यांचे चिच्चोली, आणि तिजेल्ले नावाच्या छोट्या गोल पावांत भरायचं लसूण-रोजमेरी घालून वाटलेलं पांढरंशुभ्र लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. यांच्यापुढे तुरट लाल वाइन ठेवली तर, माझ्या तरी, तोंडात लोखंडासारखी कडवट चव राहते. लांब्रुस्कोत, निदान तिच्या सोर्बारा नावाच्या जातीत, तुरटपणा नावाला असतो. आंबटपणा भरपूर, बुडबुडे आहेतच, मद्यार्क ११ टक्क्यांच्या आसपास. आंबटपणा चरबी कापतो, बुडबुडे जीभ खरवडतात, आणि माणूस जेवून उठल्यावर कामावर जाऊ शकतो. शेतावरच्या माणसांची वाइन होती ती, हे विसरून चालत नाही.

लांब्रुस्को हे काही एकाच द्राक्षाचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. त्यातली तीन भावंडं मोदेनाची: सोर्बारा, सालामिनो आणि ग्रास्पारोस्सा. १९७० मध्ये तिघांनाही इटालियन कायद्याने आपापल्या गावासकट नामांकन दिलं. ग्रास्पारोस्सा दक्षिणेला कास्तेल्व्हेत्रोच्या टेकड्यांवर होते. शरद ऋतूत तिचे देठ आणि पानं लाल पडतात, वाइन शाईसारखी गडद, जरा तुरट. सालामिनोचा घड लांबट, भरगच्च, छोट्या सलामीसारखा, म्हणून ते नाव. आणि सोर्बारा, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांच्या मधल्या रेताड गाळात वाढणारी, सगळ्यांत फिकी, सगळ्यांत आंबट आणि माझी सगळ्यांत लाडकी. पण शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर सोर्बारा म्हणजे डोकेदुखी आहे. तिच्या फुलाचे पराग वांझ. एकटी लावली तर फळधारणा होत नाही, म्हणून ओळींमध्ये सालामिनोचे वेल लावावे लागतात, त्यांच्या परागावर हिचं निभतं. तरीही घड विरळच. मधून मधून मणी धरलेलेच नसतात, काही मिरीएवढेच राहतात.

मी अशा घडाचा फोटो निफाडला मामांना पाठवला होता. मामांची हयात द्राक्षात गेली. ऑक्टोबर छाटणी, मणी फुगवायला जीए या संजीवकात घड बुडवणं, विरळणीला बायका लावून घडातला मणी न मणी सारखा करायचा, एक्स्पोर्टला १८ मिलिमीटरच्या खाली मणी गेला की रात्रीची झोप गेली. त्यांचा फोन आला तो थेट, "पोरी, हा बाग सोडून दिलेलाय का गं कुणी?" मी म्हटलं, मामा, हीच त्यांची नावाजलेली जात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी गळ धरून परवडतं कसं त्यांना?" प्रश्न बरोबर होता. विरळ घडात हवा खेळते, मण्यांत आंबटपणा टिकतो, वाइनला ते मानवतं, वगैरे सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांना एकरी किती टन ते हवं होतं.

बुडबुडे कुठून आले, ही गोष्ट मला यंत्रवाली म्हणून जास्त आवडते. पूर्वी हिवाळ्याच्या थंडीत आंबण्याची क्रिया मध्येच थांबायची, थोडी साखर शिल्लक राहायची. तशीच वाइन बाटलीत भरली की वसंतात ऊब लागताच यीस्ट जागं व्हायचं, उरलेली साखर खायचं, आणि गॅसला बाहेर पडायला वाट नसायची. दोऱ्याने बांधलेलं बुच त्यासाठी. कधी बाटल्या फुटायच्या, कधी तळाशी गाळ बसायचा. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्तीने हीच दुसरी आंबवण बाटलीऐवजी दाबाच्या बंद टाकीत करायची पद्धत काढली. पुढे १९०७ मध्ये शार्मा नावाच्या फ्रेंच माणसाने ती सुधारली आणि जगात बहुतेक ठिकाणी नाव त्याचंच चालतं. इटलीत अजून काही लोक हट्टाने मार्तिनोत्ती म्हणतात. आज बहुतेक लांब्रुस्को टाकीतली. गेली काही वर्षं तरुण उत्पादक पुन्हा बाटलीतल्या पद्धतीकडे वळलेत, 'आंचेस्त्राले' असं लेबलवर लिहितात आणि गढूळपणा अभिमानाने मिरवतात. माझ्या घरमालकीणबाईंची बाटली त्यातलीच, पण त्यांच्या भावाच्या तळघरातली, लेबलच नसलेली. फॅशन वगैरे त्यांच्या गावी नव्हती.

आता त्या कोकाकोलाकडे येते.

एमिलियात सहकार किती खोल रुजलाय हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. चीजचे सहकारी कारखाने, द्राक्षांचे सहकारी कारखाने, दुकानंसुद्धा सहकारी. १९५० मध्ये रेज्जो एमिलियातल्या काही सहकारी वाइनऱ्या एकत्र आल्या आणि रियुनिते उभी राहिली. नावाचा अर्थच 'एकत्र आलेल्या'. छोट्या शेतकऱ्यांचं द्राक्ष कुठे तरी खपायला हवं होतं आणि गिऱ्हाईक सापडलं ते अमेरिकेत. बान्फी नावाच्या न्यूयॉर्कच्या आयातदारांनी ताडलं, की सोड्यावर वाढलेल्या पिढीला गोड, गार, बुडबुड्यांची, हलकी लाल वाइन चालेल. टीव्हीवर बर्फ घालून प्या अशा जाहिराती झाल्या. १९७० च्या आणि ८० च्या दशकांत बरीच वर्षं अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारी परदेशी वाइन रियुनिते होती. लाखो पेट्या गेल्या. जे गेलं ते मोदेनाच्या जेवणातलं नव्हतं, गोड करून, कमी मद्यार्काचं करून, स्क्रूच्या बुचाचं करून गेलं, आणि जगाने नाव लक्षात ठेवलं ते त्याचं. शेतकऱ्यांना पैसे मिळाले, ही गोष्ट वाइनवर लिहिणारे पटकन ओलांडून जातात. मला ती ओलांडवत नाही. कांद्याचा भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले ट्रॅक्टर बघत मी मोठी झाले. माल खपणं म्हणजे काय ते मला कळतं.

यातली गंमत अशी, की बान्फीच्या मारियानी भावांनी त्याच लांब्रुस्कोच्या पैशांतून १९७८ मध्ये तोस्कानात मोंताल्चिनोला मोठी जमीन घेतली आणि ब्रुनेल्लोचा भव्य मळा उभा केला. आज ब्रुनेल्लो जगभर पोचली त्यात त्या मळ्याचा वाटा मोठा. म्हणजे कोथरूडच्या त्या रात्री जिचा मान राखला गेला तिच्या डोलाऱ्याला थोडी वीट केचपशेजारच्या बाईनेच दिलेली होती. हे मी तेव्हा बोलले नाही. जेवताना असलं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

लांब्रुस्कोबरोबर प्रोशुत्तोपेक्षाही मला जास्त पटतं ते पार्मिजानो चीज. सुपरमार्केटातली किसलेली पूड नव्हे, २४ महिने मुरलेल्या चाकाचा ओबडधोबड तोडलेला खडा. चावलं की दाताखाली साखरेसारखे कण करकरतात. ती साखर नसते, चीज मुरताना प्रथिनं तुटून त्यातल्या टायरोसिनचे खडे बनतात. एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून साय काढायची, सकाळचं त्यात मिसळायचं आणि रोज, अगदी नाताळच्या दिवशीही, कढई चढवायची. गाईंना सुट्टी नसते. १९८०-९० नंतर गावातली इटालियन पोरं टाइल्सच्या आणि मशीनच्या कारखान्यांत गेली, गोठे ओस पडायला लागले, तेव्हा ते सांभाळायला आले पंजाबातले शीख. आज त्या खोऱ्यातल्या कितीतरी गोठ्यांत पहाटे चारला धारा काढणारे हात भारतीय आहेत. नोव्हेल्लारा नावाच्या छोट्याशा गावात मोठा गुरुद्वारा आहे. २००० मध्ये त्याच्या उद्घाटनाला रोमानो प्रोदी आले होते, तेव्हाचे युरोपियन कमिशनचे अध्यक्ष. मी एका रविवारी तिथे गेले. बाहेर धुकं, आत लंगरमध्ये डाळ आणि खीर. शेजारी बसलेले सरदारजी मोदेनाच्या बोलीतली इटालियन आणि होशियारपूरची हिंदी एका वाक्यात बोलत होते. मी विचारलं, चीज आवडतं का? म्हणाले, "हम तो दूध देते हैं जी, चीज वो लोग खाएं." गोठ्यातलं दूध त्यांचं, मांस खात नाहीत, वाइनला शिवत नाहीत. त्या प्रसिद्ध ताटाचा एवढा भाग ज्यांच्या हातचा, ती माणसं त्या ताटावर बसत नाहीत. आपल्याकडे ऊसतोडणीच्या कोपीत बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बायका मी पाहिल्यात. म्हणून मला फार आश्चर्य वाटलं नाही. पण बरंही वाटलं नाही.

शाकाहारी मैत्रिणी विचारतात, आम्ही काय खायचं हिच्याबरोबर? प्रामाणिक उत्तर अवघड आहे. पार्मिजानोत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. नियमानेच असावं लागतं, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाला तेही बाद. पालक आणि चार्डच्या पानांची एर्बात्सोने नावाची पोळीबंद भाजी रेज्जोत मिळते, दिसायला निरुपद्रवी, पण पोळीत बहुधा चरबी असते आणि वर पुन्हा डुकराचे तुकडे. लाल भोपळा भरलेले तोर्तेल्ली नावाचे पास्त्याचे तुकडे लोणी-सेजमध्ये घोळवून देतात ते चालतील, त्यांच्या गोडव्याला सोर्बाराचा आंबटपणा झकास लागतो, फक्त वरचं चीज नको म्हणावं लागतं, आणि सारणातही बहुधा पार्मिजानो असतं, ते आधी विचारून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर कोरडी लांब्रुस्को, म्हणजे लेबलवर 'सेक्को' लिहिलेली, फ्रिजमध्ये तासभर ठेवून कुठल्याही खमंग तळणाबरोबर प्यावी. नाजूक मासे, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि चॉकलेट यांच्यापासून ती लांब ठेवावी. वर्षानुवर्षं साठवायला तर मुळीच घेऊ नये. पुढच्या वर्षी ती बहुतेक वेळा सुधारलेली नसते, नुसती दमलेली असते.

नवीन वर्षाच्या रात्री तिथे झाम्पोने करतात. डुकराचा पुढचा पाय, नखांसकट, मसालेदार खिम्याने भरून तास न् तास मंद उकळतात आणि मसुराबरोबर वाढतात. मसूर म्हणजे नाणी, जितके खाल तितके पैसे येतील. तो पाय ताटलीत बघून मात्र माझं शौर्य संपलं. नखं दिसत होती. मी मसूर खाल्ले, भरपूर खाल्ले, आणि बाईंनी काही न बोलता झाम्पोनेच्या चकत्या माझ्या ताटलीतून आपल्या मुलाच्या ताटलीत सरकवल्या. वाइन त्या रात्री ग्रास्पारोस्सा होती, गडद, जांभळा फेस, थोडी तुरट. एवढ्या जिलेटिनी जडपणाला सोर्बारा पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी तोर्तेल्लिनीचा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्याचा, रस्सा झाला. बाईंचे वडील मांतोव्या गावाकडचे. ते रश्श्याच्या तळाशी थोडे तोर्तेल्लिनी उरले की त्यात बाटलीतली लांब्रुस्को ओतत आणि वाटीच तोंडाला लावत. रस्सा जांभळट-करडा होतो, दिसायला भयंकर. मी एक घोट घेतला. उकळत्या चिकन सुपात कुणी कोकम पिळावं तसं काहीसं, आणि त्या थंडीत पोटात दिवा लागल्यासारखं.

परत आल्यावर उरलेली एक बाटली मी गोव्याला बहिणीकडे नेली. तिचं सासर बार्देसचं, तिच्याकडे चोरीस, म्हणजे डुकराचं गोवन सॉसेज, असतंच, व्हिनेगरात आणि लाल मिरचीत मुरलेलं, कांद्याबरोबर परतून पावात भरलेलं. मला वाटलं, डुकराचं मांस आहे, चरबी आहे, जमेल. जमलं नाही. मिरचीवर बुडबुडे पडले की आग दुप्पट होते, व्हिनेगरापुढे वाइन पाणचट लागते. कोरडी लांब्रुस्को तिथे चक्क कडू झाली. बहिणीच्या नवऱ्याने तिखट खाताना नेहमी घेतो ती थंड बिअर काढली आणि तो पंक्तीत सगळ्यांत सुखी माणूस ठरला. अर्धगोड 'अमाबिले' नेली असती तर निभावलं असतं कदाचित. पुढच्या खेपेला नेणार आहे. राहिलेली अर्धी बाटली मी दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाच्या अळणीत ओतली, मांतोव्याच्या आजोबांसारखी, आणि वाटी तोंडाला लावली. बहीण म्हणाली, "शी, रंग बघ गं!" आणि स्वतःची वाटी पुढे केली.